आबा ‘डायलिसिस नको’ म्हणतात

पत्र : ताई, मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते, शाळेत शिकवते. माझे वडील ७८ वर्षांचे आहेत. गारगोटीजवळ आमच्या गावी आईबरोबर राहतात. साखर कारखान्यात नोकरी झाली, नंतर शेती बघायचे. शुगर जुनी आहे, बायपासही झालेली आहे. आता किडन्या निकामी होत आल्यात. डॉक्टर म्हणतात पाचवी स्टेज आहे, डायलिसिसच्या तयारीला लागा, हाताला फिस्टुला, म्हणजे डायलिसिसची सुई टोचायला शिरा जोडून केलेली जागा, करून घ्या. आबा म्हणतात, “मला त्या मशिनीला बांधू नका. झालं तेवढं बास.” पुण्याचा दादा म्हणतो, त्यांना काय कळतंय, सरळ ॲडमिट कर, पैसे मी पाठवतो. आई रडते आणि म्हणते, त्यांच्यापुढं विषयच काढू नका. काका कुठल्या तरी वैद्याचा काढा आणून देतात. परवा दादा फोनवर म्हणाला, “तू त्यांचं ऐकलंस आणि काही झालं, तर जबाबदार तू.” तेव्हापासून रात्री झोप लागत नाही. आबांवर जबरदस्ती करू, की त्यांचं ऐकून त्यांना मरू देऊ?

उत्तर :

तुमच्या पत्रात दादा बोलतो, आई बोलते, काका बोलतात, डॉक्टर बोलतात. आबांचं मात्र एकच वाक्य आहे, आणि त्या वाक्यापुढे कुणी त्यांना काही विचारलं असावं असं दिसत नाही. म्हणून जबरदस्ती की मरू देणं हा प्रश्न मला अजून पुढचा वाटतो. त्याआधीचं काम राहिलंय. आबांचा हा नकार कशातून आलाय ते अजून तुम्हालाही माहीत नाही आणि दादालाही नाही.

अशा घरांमधून बोलताना मला दिसत आलंय, की वरून सारखाच वाटणारा नकार आत फार वेगवेगळा असतो.

पुष्कळदा तो पाहिलेल्या गोष्टीतून येतो. गावातल्या कुणाला तरी रात्री श्वास लागला, गाडीत घालून कोल्हापूरला आणलं, मानेत नळी घालून डायलिसिस सुरू केलं, आणि तो माणूस परत घरी गेलाच नाही. गावाला डायलिसिस माहीत असतं ते असं. आबांच्या बरोबरीचा कुणी असाच गेला असेल, तर ते मशीनला घाबरतायत की त्या रात्रीला, हे विचारावं लागेल. आधी ठरवून, हाताला फिस्टुला तयार ठेवून सुरू केलेलं डायलिसिस आणि धावपळीत मानेतल्या नळीवर सुरू केलेलं डायलिसिस यांत खूप अंतर आहे. मानेतल्या नळीतून जंतुसंसर्गाचा धोका जास्त असतो, आणि तसं सुरू करायची वेळ येते तेव्हा माणूस आधीच फार खालावलेला असतो.

काही वेळा नकारामागे खर्च असतो. कारखान्याच्या पगारात ज्यांनी मुलांना शिकवलं, ते वडील “तुमच्या गळ्यात हे लोढणं नको” असं मुलीला तोंडावर सांगत नाहीत. ते “झालं तेवढं बास” म्हणतात. हे कारण असेल, तर त्याला उत्तर आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि डायलिसिस त्यात बसतं. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड आलंय, त्याला उत्पन्नाची अट नाही. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. आबांचं आधार आणि रेशन कार्ड घेऊन एकदा कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात जा, त्याच्याशी बोला, आणि नेमका किती खर्च पदरचा होईल तो आकडा घेऊन मगच आबांकडे या. अशा वडिलांना “पैशांची काळजी करू नका” म्हणून समाधान होत नाही. त्यांना हिशेब लागतो.

मग अंतर. गारगोटी ते कोल्हापूर जाऊन-येऊन शंभर किलोमीटरच्या आसपास होतं. डायलिसिस साधारणपणे आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. म्हणजे आठवड्याला तीनशे किलोमीटर, आणि मशीनवरून उतरलेल्या माणसाला बरेचदा उरलेला दिवस उठवत नाही. बी.पी. खाली येतं, पायांत गोळे येतात. त्यातून पावसाळा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात आपल्याकडचे रस्ते कसे बंद झाले होते ते तुम्हाला सांगायला नको, आणि डायलिसिसच्या माणसाला पाणी ओसरायची वाट बघत बसता येत नाही. आबांना डायलिसिस म्हणजे गाव सुटणं, शेत सुटणं असं दिसत असेल तर त्यात त्यांचं काही चुकत नाही. पावसाळ्याचे चार महिने तुमच्याकडे राहायचं का, गारगोटीच्या जवळपास कुठे सोय आहे का, घरी पोटातून करायचं डायलिसिस त्यांना चालेल का, हे सगळं बोलता येईल. घरच्या प्रकारात पोटात बसवलेल्या नळीतून दिवसातून तीन-चार वेळा पिशव्या बदलाव्या लागतात. प्रवास वाचतो, पण हात स्वच्छ ठेवून ते रोज करणारं माणूस घरात लागतं, आणि आईला ते झेपेल का हे आईलाच विचारावं लागेल.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांकडून तपासून घ्या. किडन्या थकल्या की रक्तात साठणाऱ्या विषारी द्रव्यांमुळे माणूस गुंगतो, विसरतो, कशातच रस घेत नाही. लांबलेल्या आजारात नैराश्यही येतं. आबा जेवण टाळत असतील, कुणाशी बोलत नसतील, बोलण्याचा धागा सुटत असेल, तर आधी त्याचा इलाज करून मग पुन्हा विचारायला हवं.

हे सगळं बाजूला काढल्यावरही नकार उरू शकतो. ७८ वर्षांचा माणूस नीट समजून घेऊन म्हणू शकतो, की मला राहिलेले दिवस घरी, माझ्या माणसांत काढायचेत. तो नकार खरा आहे, आणि त्याच्यामागे उभं राहायला तुम्हाला लाज किंवा भीती वाटायचं कारण नाही.

विचारायचं कसं? दवाखान्याच्या बाकावर नको, आई समोर रडत असताना नको, फोनचा स्पीकर लावून तर नकोच. रविवारी गावी जा. सकाळी चहा झाल्यावर त्यांच्याबरोबर शेताकडे किंवा गोठ्याकडे जा, जिथे ते मोकळे असतात तिथे. आधी विचारा, “आबा, डॉक्टर जे सांगतात त्यातलं तुम्हाला काय समजलंय?” शिक्षिका आहात, मध्येच दुरुस्त करायचा मोह होईल, तो आवरा. मग, “तुम्हाला सगळ्यात जास्त धास्ती कशाची वाटते?” आणि मग, “काय करता येत राहिलं तर तुम्हाला जगणं बरं वाटेल?” या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लगेच येणार नाही. गप्प बसा. नातीचं लग्न बघायचंय म्हणतील, जोतिबाच्या चैत्र यात्रेपर्यंत तरी म्हणतील, किंवा फक्त रात्री नीट झोप लागावी एवढंच म्हणतील. पुढचे सगळे निर्णय या उत्तरावरून निघणार आहेत, म्हणून ते त्यांच्याच शब्दांत वहीत लिहून ठेवा.

आईचं “विषय काढू नका” प्रेमातून येतं, पण त्याने आबा एकटे पडतात. रक्त तपासायला नेतात, पथ्य बदलतात, मुलं कुजबुजतात, यातून त्यांना सगळं कळलेलंच असतं. फक्त बोलायला कुणी नसतं. आईला हळूच सांगा, की आपण त्यांना वाईट बातमी द्यायला निघालेलो नाही, त्यांचं ऐकायला निघालोय.

आता डॉक्टरांकडे. बहुतेक घरांत क्रिएटिनिनच्या, म्हणजे किडनी किती थकलीय ते दाखवणाऱ्या रक्त तपासणीच्या, आकड्यावर जीव टांगलेला असतो. दादाच्या व्हॉट्सॲपवरही दर रिपोर्टनंतर तेच चालत असणार. पण डायलिसिस कधी सुरू करायचं हे नुसत्या आकड्यावर ठरत नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ८२८ रुग्णांवर झालेली एक मोठी चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. किडनीचं काम ठरावीक पातळीखाली गेल्याबरोबर डायलिसिस घेतलेले आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणखी थांबलेले, या दोन गटांच्या आयुष्यमानात फरक आढळला नाही. दुसरा अभ्यास आबांच्या वयाचा आहे. ब्रिटनमधल्या पंचाहत्तरी ओलांडलेल्या रुग्णांचा, २००७ सालचा. एकूण पाहता डायलिसिस घेतलेले लोक जास्त जगले. पण ज्यांना आधीपासून इतर आजार बरेच होते, विशेषतः हृदयाचा, त्यांच्यात तो फायदा उरला नाही. आबांना शुगर आहे, बायपास झालीय. म्हणून त्यांना डायलिसिसचा उपयोग होणारच नाही असा अर्थ मी काढणार नाही, तो तुमच्या डॉक्टरांनी त्यांना तपासून काढायचा आहे. पण “डायलिसिस केलं की वाचतील, नाही केलं की आपण मारलं” हा जो हिशेब दादाने मांडलाय, तो या वयात आणि या हृदयाला तसा लागू होत नाही, हे तुम्ही दोघांनीही समजून घ्या.

डॉक्टरांना स्पष्ट विचारा : डायलिसिस घेतलं तर आबांचं येतं वर्ष कसं जाईल, नाही घेतलं तर कसं जाईल? किती दिवस मिळतील, एवढंच विचारून थांबू नका. ते दिवस अंथरुणात जातील, गाडीत जातील की अंगणात, हेही विचारा. त्यांच्या हृदयाला फिस्टुला सोसेल का, हेही. आणि एक तिसरा मार्ग विचारायला विसरू नका. ठरावीक मुदतीपुरतं, समजा दोन-तीन महिने, डायलिसिस करून बघायचं. काय झालं तर ते पटलं म्हणायचं आणि काय झालं तर थांबवायचं, हे आधीच आबांसकट सगळ्यांनी बोलून ठेवायचं. एकदा मशीनवर चढलं की उतरता येत नाही, असा आपल्याकडे समज आहे. उतरता येतं. थांबवल्यावर बहुतेकांना थोडेच दिवस मिळतात, लघवी बऱ्यापैकी होत असेल तर काहींना जास्त, पण त्या दिवसांत त्रास कमी ठेवण्याचे उपचार असतात. ज्या माणसाला बांधून घातलं जाण्याची भीती आहे, त्याला सुटका आपल्या हातात आहे हे कळणं फार मोलाचं असतं. काही जण तेवढ्यावर करून बघायला तयार होतात.

आबांचा नकार ठाम राहिला, तर उपचार संपले असं समजू नका. डायलिसिसशिवायही किडनीच्या रुग्णाची व्यवस्थित काळजी घेता येते, आणि ती डॉक्टरांकडून मागून घ्यायची असते. अंगावरची सूज आणि छातीतलं पाणी कमी करायला लघवीच्या गोळ्या, रक्त वाढवायला इंजेक्शनं आणि लोह, खाज, मळमळ आणि झोपेवर औषधं. धाप आणि दुखणं वाढलं तर वेदनाशमनाची औषधं असतात. त्यातलं मॉर्फिन किडनी गेलेल्या माणसाच्या अंगात साठतं, म्हणून फेंटानिलसारखं दुसरं औषध निवडावं लागतं. हे जाणणारे पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे आजाराचा त्रास कमी करण्यावर काम करणारे डॉक्टर असतात. किडनीच्या डॉक्टरांकडे आतापासूनच त्यांच्यासाठी चिठ्ठी मागा. शेवटच्या आठवड्यात शोधाशोध करून काही होत नाही. पथ्याचंही पुन्हा बोला. कडक पथ्य अवयव वाचवण्यासाठी असतं, आणि आता दिवस चांगले जाण्याला जास्त महत्त्व असेल, तर आबांना आवडणारा वाटीभर तांबडा रस्सा कधीमधी चालेल का, हे विचारायला हरकत नाही.

पण काही गोष्टी आजपासून घरात थांबवा, मग निर्णय काहीही होवो. काकांच्या काढ्यात काय आहे हे बाटलीवर लिहिलेलं नसेल, तर तो बंद. काही भस्मांमध्ये आणि बिननावाच्या औषधांमध्ये जड धातू सापडलेले आहेत, आणि ते किडनीलाच मारक असतात. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आणलेल्या ब्रुफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या बंद. आजारी माणसाला भेटायला येणारे शहाळी आणि केळी घेऊन येतात. त्यांत पोटॅशियम भरपूर असतं, ते किडनी बाहेर टाकू शकत नाही, आणि वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. ‘लो सोडियम’ म्हणून मिळणाऱ्या मिठातही तेच असतं. काकांना तोडून बोलू नका, तेही भावासाठीच धडपडतायत. बाटली घेऊन त्यांनाच डॉक्टरांकडे चला म्हणा.

दादाबद्दल. लांब असलेल्या मुलाला रोजचं खालावणं दिसत नाही, फोनवर फक्त बातम्या कळतात. जवळ नसल्याची टोचणी असते, ती हुकूम होऊन बाहेर पडते. पैसे पाठवतो म्हणणं हीसुद्धा त्याची माया आहे. त्याला पटवत बसू नका, तुमच्या तोंडून ते त्याला पटणार नाही. त्याला दोन दिवस सुट्टी काढून गावी यायला सांगा, आणि आबांशेजारी बसून आबांच्याच तोंडून ऐकू द्या. पुढच्या तपासणीलाही तो असू दे. त्याला दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर जरूर घ्या, पुण्यात रिपोर्ट दाखवायचं काम त्याच्याचकडे द्या.

आणि “जबाबदार तू” हे मनावरून उतरवा. समज शाबूत असलेल्या प्रौढ माणसाला उपचार नाकारण्याचा अधिकार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात मान्य केलंय. तो निर्णय आबांचा असेल, तुमचाही नाही आणि दादाचाही नाही. पुढे शुद्ध हरपली आणि बरं होण्याची आशा उरली नाही, तर कोणते उपचार नकोत आणि आपल्या वतीने कोणी बोलायचं, हे आबांना आताच लिहून ठेवता येतं. २०२३ मध्ये न्यायालयाने त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरीचा किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का पुरतो. बोलणारे म्हणून तुमची आणि दादाची, दोघांचीही नावं आबांनी लिहिली तर उत्तम. एक प्रत डॉक्टरांच्या फाइलमध्ये लावा.

निर्णय टाळत राहू नका एवढं मात्र कळकळीने सांगते. फिस्टुला तयार व्हायला दोनेक महिने जातात, वयामुळे आणि शुगरमुळे जास्तही. तो करून घेतला म्हणजे डायलिसिस घ्यावंच लागतं असं नाही. आबा अजून द्विधा असतील तर निदान डाव्या हाताची शीर राखून ठेवा, तिथून रक्त काढू देऊ नका. आडवं झाल्यावर श्वास लागणं, लघवी एकदम कमी होणं, छातीत धडधड, झापड, यातलं काही दिसलं तर पुढच्या तपासणीची वाट न बघता थेट दवाखाना गाठा. आणि अशा रात्री मानेतली नळी चालेल का, आयसीयू चालेल का, हे आबांना आधीच विचारून ठेवा. कारण त्या रात्री कुणी ठरवलेलं नसलं, तर ड्यूटीवरचा डॉक्टर ठरवतो, आणि त्याला आबा कोण हे माहीत नसतं.

आबांनी डायलिसिस घ्यायचं ठरवलं, आणि पुढे थांबवायचं ठरवलं, किंवा आज नको म्हणून महिन्याने हो म्हणाले, तरी प्रत्येक वेळी तुम्ही त्यांच्याच बाजूला आहात हे त्यांना दिसू द्या. मन बदललं म्हणून त्यांना कुणी बोल लावू नये.

तुम्ही विचारलंत, मरू देऊ का. हा आजार तुम्ही आणलेला नाही, आणि तो थोपवून धरणं तुमच्या हातात नाही. जे हातात आहे ते पुष्कळ आहे. त्यातलं पहिलं म्हणजे पुढच्या तपासणीला डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत आबांना बसवा, तुम्ही आणि दादा मागे बसा, आणि डॉक्टर तुमच्याकडे बघून बोलायला लागले तर सांगा, “डॉक्टर, आबांना सांगा. त्यांना ऐकायचंय.”